नैवेद्याआधीचं घावन

आमची मूर्ती पेणची, पण गणपती बसतो रोह्याच्या मूळ घरी. त्या घरात नियम कडक: नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्याही तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. गुरुजींना गावभर घरं, त्यामुळे आमची आरती दुपारी दीडच्या आत कधी झाली नाही. मोठ्यांचं चहावर निभायचं.

माझ्या मुलीचं निभत नसे. ती अकरा वर्षांची, स्वमग्न. एरवी दोन-तीन शब्दांत हवं ते सांगते. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत तिचे शब्द जायचे, ती मान टाकायची आणि आरती सुरू झाली की कान दाबून किंचाळायची. झांजांचा आवाज सोसत नाही, असं आम्ही म्हणायचो. मी तिला घेऊन मागच्या पडवीत बसायचो. घरची आरती मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडूनच ऐकली.

गेल्या वर्षी मुंबईला तिची जनुकीय तपासणी झाली. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. स्वमग्नतेमागे प्रत्येक मुलात हेच असतं असं नाही. पण हिच्या पेशींना अन्नापासून ऊर्जा तयार करायला त्रास होतो. साठा लवकर संपतो. ताप आणि उपास दोन्ही हिला महाग पडतात. बदललेल्या जनुकाची एक प्रत माझ्याकडून आली होती, एक बायकोकडून. "आमच्या घराण्यात असं कोण नाय" हे दोन्हीकडच्या घरच्यांचं वाक्य तिथेच निकालात निघालं. घरी येऊन मी मागचे गणपती आठवून ताडून पाहिले. पोर मलूल व्हायची ती झांजा वाजण्याच्या बरीच आधी.

यंदा सकाळी बायकोने सरळ तवा ठेवला. घरात सर्वांत मोठ्या माझ्या काकी. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो, देवाच्या आधी?"

"तिचं औषध हाय, काकी."

"औषध बाटलीत असतं. ह्यें घावन हाय."

"डॉक्टरांनी हेच सांगितलंय," मी म्हणालो. "उपाशी ठेवली तर पोर पुन्हा पडवीत."

काकी मुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका घावनानं काय होतंय? दूध-गूळ दे वर. आनि दार लोट, नायतर सगलीच आजारी पडतील."

अकराच्या सुमारास तिला पुन्हा भरवलं. दोन वाजता गुरुजी आले, झांजा वाजल्या. मुलगी माझा हात सोडून पुढे गेली. कानांवर हात नव्हते. ती टाळ्या वाजवत होती, ठेका सोडून, पण शेवटपर्यंत.

गुरुजी तबक खाली ठेवणार, तोच ती मोठ्याने म्हणाली, "अजून!"

"मला दुसरी घरं हायत," गुरुजी म्हणाले.

"आमाला काय भूक नाय? तरी थांबतोच ना?" काकी म्हणाल्या. "पोर सांगते हाय, म्हणा!"

या वेळची आरती मी समोर उभा राहून, पूर्ण आवाजात म्हटली.