तिरंग्याचा ठराव आणि तागाची गाठ

देशावर चोरून प्रेम करणारा माणूस साऱ्या भारतात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. बायकोचे हे मामा मराठी, पण जन्मले कोलकात्यात, वाढले तिथल्याच बेहाला भागात आणि कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले. ऐन तारुण्यात ते ज्या डाव्या पक्षात शिरले, त्याची पुढे सत्ता गेली, मतदार गेले, कार्यकर्तेही गेले. मामा तसूभर हलले नाहीत. क्रिकेटच्या सामन्याआधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की ते ताठ उभे राहतात, पण त्याआधी खिडकीचे पडदे ओढून घेतात, कारण समोरच्या घरात पक्षाच्या स्थानिक शाखेचे सचिव राहतात. भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा ते ढसाढसा रडले आणि डोळे पुसत मला म्हणाले, "जावईबापू, खेळ ही जनतेला गुंगवण्याची युक्ती आहे, हे विसरू नका."

मामांना डावपेचांचं भारी वेड. आमचं घर जवळच, तिथे जेवायला आले की भाताआधी देशाची परिस्थिती ताटात पडते. मीठ म्हणजे मध्यमवर्ग, लिंबाची फोड म्हणजे शेतमजूर, या दोघांची आघाडी करून ते चटणीला घेरतात. चटणी नेहमी सत्ताधारी असते आणि नेहमी शेवटपर्यंत टिकते, कारण मामांना तिखट सोसत नाही. एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेतो, पण त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता. "देशप्रेम आपण त्या उजव्यांना आंदण देऊन टाकलं! भाकरी आपण मागायची आणि झेंडा त्यांनी मिरवायचा, ही वाटणी केली कुणी?" शाखेच्या कचेरीवर पंधरा ऑगस्टला तिरंगा फडकवावा, असा ठराव ते दर वर्षी मांडत. आता या पक्षात ठरावाशिवाय पान हलत नाही. शेजारी आग लागली तर आधी आगीचं वर्गीय स्वरूप ठरेल, मग बादली शोधतील. मामांचा ठराव दर वर्षी 'अधिक अभ्यासासाठी' परत यायचा. तोवर गल्लीतल्या लोकांनी शाखेत चहाला येणंही सोडलं. मामांचं खरं दुःख ते होतं. "लोक आपल्याला परकं समजायला लागलेत हो," असं म्हणताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. एकदा तरी ही गल्ली आपल्या दाराशी, आपल्या झेंड्याखाली उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

अखेर ठराव मंजूर झाला आणि नवीच अडचण उभी राहिली. या मंडळींनी जन्मभर लाल झेंडा चढवलेला. तो उघडाच बांधायचा आणि सरसर वर ओढायचा. फुलांच्या पाकळ्या घालून झेंड्याची घडी कशी बांधतात, हे एकालाही ठाऊक नव्हतं. जवळच्या बजबज गावच्या ताग गिरणीत हयात घालवलेले एक वृद्ध कॉम्रेड पुढे झाले आणि गिरणीत तागाचा गठ्ठा बांधतात तशी त्यांनी घडी आवळली. "ही गाठ बापजन्मात सुटणार नाही," असं त्यांनी बंगालीत छातीठोक सांगितलं. सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

पंधरा ऑगस्टला गल्ली खरोखरच जमली. थोडी कौतुकाने, बरीचशी गंमत बघायला. मामांनी इस्त्रीचा कुडता घालून दोरी ओढली. बोचकं हललं, उघडलं नाही. सचिवांनी ओढली, मग दोघांनी मिळून ओढली. बायका पदराआड हसू लागल्या. "खाली उतरवून सोडवा," असं कुणीतरी म्हणालं, तर झेंडा उतरवला की जनता त्याला माघार समजेल, अशी एका कॉम्रेडने हरकत घेतली, आणि त्यावर चर्चा सुरू झाली! तेवढ्यात समोरच्या, सत्ताधाऱ्यांच्या गोटातल्या, गल्लीच्या क्लबाचा सेक्रेटरी रस्ता ओलांडून आला. हा मामांचाच विद्यार्थी. एके काळी शाखेच्या भिंती रंगवायचा. सत्ता बदलली तसा त्याने पक्षही बदलला. शाखेत त्याचं नाव घेत नाहीत. त्याने मुकाट्याने बोचकं खाली घेतलं, दातांनी गाठ सोडवली, सुटेल अशी नवी बांधली, झेंडा वर चढवला आणि दोरी मामांच्या हातात दिली. "टानुन, स्यार." ओढा, सर.

पाकळ्या मामांच्या टकलावर पडल्या, तिरंगा फडफडला, आणि जन्माच्या सवयीने सगळ्या कॉम्रेडांच्या मुठी वर गेल्या. त्या विद्यार्थ्याचीही गेली. अर्ध्या वाटेत आपला नवा पक्ष आठवला तसा त्याने त्याच मुठीने कान खाजवला. गल्ली खो खो हसली, मीही हसलो. मामा हसले नाहीत. "बस, चहा घेऊन जा," ते त्याला म्हणाले. "आज नको, सर, क्लबात काम आहे," म्हणून तो मान खाली घालून निघून गेला.

पुढच्या बैठकीत विरोधकाची मदत घेतल्याबद्दल शाखेने आत्मटीका केली आणि हा कार्यक्रम स्थगित ठेवला. मामांनी शिस्त म्हणून मान तुकवली. यंदा ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर झेंडावंदनाला आले, बेसूर पण खणखणीत गायले. जिलबी हातात देत मी म्हणालो, "मामा, झालं की मनासारखं!" ते शाखेच्या दिशेने बघत राहिले. "तुमच्याकडे काय, कुणीही फडकवेल. तिथे फडकायला हवा होता हो, जावईबापू. तो पोरगा आला होता ना तिथे."

मामांच्या डावपेचांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण त्यांचा हा एक डाव लागायला हवा होता, असं मला मनापासून वाटलं.