गाडी दोन मुलखांची

अमिरातीत विम्याची पॉलिसी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझा शेजारी होता, यावर मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अजमानमध्ये खोली घेतली, तेव्हा समोरच्या खोलीत हे चाचा राहत. मूळचे रत्नागिरीकडचे. होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकायचे. एक दुकान अजमानला, दुसरं मेहुण्याच्या भागीदारीत ओमानमधल्या सोहारला. उन्हाळाभर इकडे, हिवाळाभर तिकडे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर इथला व्हिसा जातो, म्हणून चाचा पाच महिने पंचवीस दिवसांनी हजर! त्यांची जुनी पांढरी गाडीही त्यांच्यासारखीच वर्षाची वाटणी करून राहायची.

आता अशा गाडीचा विमा कसा काढायचा? बाकीचे लोक गाडी इथलीच म्हणून सांगत आणि ओमानला जाताना तिकडे चालणारं विम्याचं ऑरेंज कार्ड आठवड्यापुरतं काढत. आमच्या इमारतीतले लोक चाचांनाही हेच शिकवायचे. "अहो चाचा, गाडी अर्धं वर्ष तिकडे असते हे कंपनीला सांगता कशाला? कोण बघायला येतंय?" चाचा शांतपणे म्हणत, "गाडी बघते ना." आणि वर्षभराचं कार्ड काढून येत. विमा कंपनीतल्या केरळी मॅडम त्यांना काचेतून येताना पाहून आधी चहा मागवून घेत, कारण तासाची निश्चिती असे. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, आगे का पहिया ओमान में, पीछे का इधर, और बीच में कोई ठोक दिया तो?" मॅडमनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. "अभी पूछा ना," चाचा म्हणाले, "लिख के दो." आणि खरोखरच पत्र टाइप करून घेऊन आले. ते पत्र, पॉलिसी, कार्ड, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी ती फाइल दाखवली जाई. त्यांचे स्वतःचे जावई एकदा वैतागून म्हणाले, "अब्बा, आपल्याला भाजी आणायची आहे." तरी फाइल उघडलीच.

मग एका वर्षी चाचांचा गुडघा बिघडला. गाडी सोहारला न्यायची कोणी? मी तयार झालो. मला लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झाले होते, तेही पाचव्या टेस्टला. चाचा मला घेऊन मॅडमकडे गेले आणि पॉलिसीत चालक म्हणून माझं नाव घालायला सांगितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "चाचा, लायसन्स नया है, ये लिखेंगे तो पैसा बढ़ेगा."

"नया है तो नया लिखो."

मला अपमान वाटला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि इथे माझ्या नावापुढे नवशिका म्हणून शिक्का! परतताना मी फुगून बसलो होतो, ते त्यांनी पाहिलं नसेल असं नाही.

शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी निघालो. शनिवारी सकाळी मला कामावर पोहोचायचंच होतं, कारण नव्या नोकरीचे पहिले तीन महिने अजून संपले नव्हते आणि साहेब निमित्त शोधत होता. सरहद्द पार झाली. सोहारच्या राउंडअबाउटवर मी आतून येणाऱ्या पिकअपच्या पुढ्यात गाडी घातली. कोणाला लागलं नाही, पण पिकअपचं दार आत गेलं. पोलीस येताना दिसले. कागद पुरेसे नसले तर भरपाई होईपर्यंत चालकाला चौकीवरून हलू देत नाहीत, असं मी ऐकलं होतं.

"चाचा, तुम्ही चालवत होतात असं सांगा ना. माझी नोकरी जाईल हो."

"मी चालवत नव्हतो."

"पण चाचा…"

"अरे बाबा, तुझं नाव कागदावर कशाला घातलंय? शोभेला?"

त्यांनी फाइल माझ्या हातात दिली आणि लंगडत बाजूला उभे राहिले. पोलिसाने कार्ड पाहिलं, लायसन्स पाहिलं, पॉलिसीतलं नाव ताडून पाहिलं, लायसन्स नवं असल्याची ओळही वाचली. मी चूक कबूल केली. त्याने दंड लिहिला, पिकअपवाल्याला विम्याचा कागद दिला आणि म्हणाला, "खलास. यल्ला." म्हणजे झालं, निघा. तासाभरात आम्ही मोकळे. मी किल्ली चाचांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. दुकानापर्यंत मीच गाडी चालवली. संध्याकाळच्या टॅक्सीने परतलो, शनिवारी वेळेवर कामाला लागलो आणि ती नोकरी पुढे पक्की झाली.

काही वर्षांनी चाचा दोन्ही दुकानं मिटवून गावी गेले. विमानतळावर मला पुष्कळ बोलायचं होतं, पण बॅगांचं वजन वाढल्याच्या गडबडीत राहूनच गेलं. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे ते मी पास झालो म्हणून. चाचांनी मात्र मी चार वेळा नापास झालोय हे ठाऊक असताना, ते न लपवता, आपल्या गाडीच्या कागदावर माझं नाव घातलं होतं. असं नाव माझं पुन्हा कुठेच लागलं नाही.