शेवटच्या नावापर्यंत

दत्तोबा मेंढरं राखत होते तोवर त्यांचं नाव कोणत्या यादीत असावं असं कुणाला वाटलं नाही, खुद्द त्यांनाही नाही. दसरा झाला की कोकणाच्या वाटेला लागायचं आणि उन्हाळा सरता सरता सांगवीला परतायचं, अशा माणसाला संस्था धरणार तरी कुठे? पुढे कळप मोडून त्यांनी गाई बांधल्या. करंजओढा दूध संघाला ते दोन्ही वेळा दूध घालू लागले. दूध पहिल्या दिवसापासून चाललं. सभासदत्व मात्र मिळेना. कधी दाखला अपुरा पडे, कधी बैठक तहकूब होई. अखेर १९९७ साली संघाने मेंढपाळांची चाळीसएक कुटुंबं एकदाची सामावून घेतली. सर्वांत उशिरा आले म्हणून मतदारयादीत ते तळाला राहिले, आणि त्यांतही दत्तोबा सगळ्यांच्या शेवटी. संचालक मंडळाची निवडणूक पुढच्या वर्षी होती. साठी उलटलेल्या माणसाचं संघातलं ते पहिलं मत असणार होतं.

त्यांची लेक सुकन्या संघाच्या जळोचीच्या कचेरीत संगणक चालवी. यादी तिनेच टंकली होती. पूर्वी अशी यादी फ्लॉपीत घालून शिपाई एसटीने पुण्याच्या छपाई केंद्रावर नेई. त्या वर्षी ती प्रथमच टेलिफोनच्या तारेवरून केंद्राच्या सर्व्हरवर जायची होती. तिथली व्यवस्था अशी, की फोल्डरमध्ये फाईल आली की प्रोग्रॅम ती आपोआप उचलून छपाईला घेई. सुकन्याला शिकवलं गेलं तेही तेवढंच: पडद्यावर त्या फोल्डरमध्ये नाव उमटलं की फाईल पोहोचली.

हे तिने सकाळी गोठ्यात वडिलांना सांगितलं.

"सगळी नावं एकदमच जात्यात का तारंतनं?"

"न्हाय आबा, एकामागं एक. पण फाईलचं नाव तितं दिसलं की समजायचं, पोचली."

"म्होरकं दिसलं म्हंजी कळप आला व्हय?" दत्तोबांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "आपली लंगडी मेंढी आठवती न्हवं? समद्यांच्या मागनं यायची. ती आत शिरल्याबिगर म्या जाळीचं तोंड कवा बांधलं न्हाय."

"आबा, ही काय मेंढरं हायती का?"

"बरं बाई. शिकलेली तू."

कचेरीत टेलिफोनची तार एकच. त्या दुपारी फाईल निघाली आणि थोड्याच वेळात पडद्यावर नाव उमटलं. दुसऱ्या चौकटीत आकडे अजून सरकत होते. ती मागची आवराआवर असावी असं सुकन्याला वाटलं. तेवढ्यात संघाचे सचिव विजयसिंह दारात आले.

"मॅडम, फोन मोकळा होतोय का? इंदापूरला बोलायचंय."

"झालंच साहेब. पोहोचली यादी."

तिने मोडेमची तार काढून टेलिफोनला लावली. फाईलचा पहिला तुकडा पडताच सर्व्हर तिचं नाव मांडतो आणि बाकीचं त्यामागून येत राहतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जे वाटेत होतं ते वाटेतच राहिलं. सर्व्हर कुणासाठी थांबला नाही. आलं तेवढ्याला त्याने पूर्ण मानलं.

छापील यादी आली तेव्हा तिचं शेवटचं नाव कन्हेरीच्या एका बागायतदाराचं होतं. त्याच्याखाली कोरा कागद. हरकतींची मुदत अजून दोन दिवस होती. सुकन्या यादी घेऊन सचिवांसमोर उभी राहिली.

"साहेब, तळाची नावं आलीच नाहीत. माझ्या मशीनवर फाईल पूर्ण आहे. तुमचं पत्र असेल तर पुण्याचे लोक आजच पुन्हा घेतील."

विजयसिंहांनी शेवटचं पान सावकाश पाहिलं. कोण गळलं ते त्यांच्या ध्यानात आल्याचं तिला दिसलं.

"पण पोहोचली असं तुम्हीच म्हणालात ना?"

"माझी चूक झाली. तसं लिहून देते."

"एवढं काय मनाला लावून घेता. बघू."

संध्याकाळी ते बैठकीसाठी इंदापूरला गेले आणि मुदत संपल्यावर परतले. मधल्या काळात सुकन्या केंद्राला फोन करत राहिली; पत्राविना यादीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. विजयसिंहांवर पुढेही कसला ठपका आला नाही. त्यांनी काही केलंच नव्हतं, आणि काही न करण्याचा जाब विचारण्याची सोय संघाच्या नियमांत नव्हती.

सुकन्याने घरी सगळं सांगितलं. तरी मतदानाच्या दिवशी दत्तोबा धुतलेलं मुंडासं बांधून गेले. परतले तेव्हा ती दारातच होती.

"काय म्हणालं तितं, आबा?"

"बसा म्हणलं. च्या पाजला. टेबलावरचं पोरगं म्हणतंय, आबा, तुमचं दूध हाय संघात, तुमी न्हाय." ते हसले. सुकन्याला हसता आलं नाही.

जुनंच मंडळ निवडून आलं. त्यानंतर महिन्याभराने छपाई केंद्रावरच्या माधवीचा फोन आला. यापुढे प्रत्येक फाईलच्या तळाला एक जादा ओळ घालायची, ती सापडल्याखेरीज सर्व्हर फाईल उचलणार नाही, असं तिने समजावलं. सुकन्याने त्याच दिवशी यादी उघडून वडिलांच्या नावाखाली 'समाप्त' असा शब्द टंकला. गोठ्यात तिने तेही सांगितलं. आता असं पुन्हा घडणार नाही, एवढं तरी त्यांना कळावं म्हणून.

"म्हंजी माझ्या मागं आता एक जण आला."

"माणूस न्हाय आबा. नुसती खूण हाय ती."

"असंना. त्यो आला का न्हाय, ते पुणं दर येळी बघंल." दत्तोबांनी दुधाची किटली उचलली. "आमच्याकडं कोण बघत हुतं?"

संघाची गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती. दत्तोबा दूध घालायला निघाले.