आष्टीला संमती मागायला

परळीच्या स्टँडवर सकाळची पहिली बस लागली तेव्हा अप्पांनी आधी रुमालानं सीट पुसली. आमच्या गावात थर्मल वीजकेंद्राची राख कुठंही बसलेली असते. खिडकीची जागा मला देत ते म्हणाले, "तिथं तू बोलू नको. जे बोलायचं ते मी बोलतो."

आम्ही माझ्या होणाऱ्या सासरी, आष्टीला निघालो होतो. साखरपुडा उन्हाळ्यात झाला होता. विश्वनाथ आमच्यासारखाच लिंगायत वाण्याचा मुलगा. त्याचं आष्टीत बी-बियाण्याचं दुकान होतं आणि दुकानातच नव्यानं घातलेला एसटीडीचा बूथ. लग्न माघात धरलं होतं, आणि मध्येच मी वेगळंच काढून बसले होते. केजकडच्या एका मठात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह निघालं होतं. तिथं वर्षभर दासोह (येईल त्याला जेवू घालण्याची, त्याचं सगळं बघण्याची सेवा) करायला बाया हव्या होत्या. श्रावणात मी तिथं राहून आले. ढीगभर पीठ मळायला, उवांची डोकी धुवायला, खरजेला मलम लावायला शिकले. महाराजांनी एकच सांगितलं, "बाई, तुझं लग्न ठरलंय. दोन्ही घरं राजी असतील तरच ये."

अप्पा राजी नव्हते. पण 'नको' हा शब्द त्यांना आष्टीकरांच्या तोंडून हवा होता, म्हणजे स्वतःला म्हणावा लागला नसता. हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही.

मांजरसुंब्याला बस बदलली. ढाब्यांवर ट्रकांची रांग होती. अप्पांनी चहा मागवला, तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. पुढं पाटोद्याच्या अलीकडं आमच्या बसचं टायर फुटलं. सगळे खाली उतरलो. रस्त्यात भेटलेल्या जीपमध्ये अप्पांना पुढं जागा मिळाली, मला मागं एका बाईच्या शेजारी. तिच्या मांडीवर तान्हं पोर झोपलं होतं.

"कुठं निघालाव?" तिनं विचारलं.

"आष्टीला. तुम्ही?"

"जामखेडला, मुकादमाकडं. दसरा झाला की आमचा कोयता निघंल." (ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडं 'कोयता' म्हणतात.) "ह्याला संगं नेते. पर थोरल्या पोरीला कुठं ठिवावं, सुचंना. फडात नेली तर शाळा बुडती."

पुढून अप्पा मागं वळून बघत होते. तरी मी तिला मठाचा पत्ता सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला.

"तुमी असताव का तितं?"

सौताड्याचा घाट सुरू झाला होता. खाली दरीत हिरवं दाटलेलं होतं, वर माळावर नुसते दगड. मी बाहेर बघत राहिले. जामखेडला उतरताना तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं, पण विचारलं काही नाही.

आष्टीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. विश्वनाथची आई दारातच उभी होती. नवरा गेल्यावर दुकान या बाईनं एकटीनं सावरलं होतं. "या पाव्हणं, लई उशीर केलाव," म्हणत त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. हुलग्याचे शेंगुळे केले होते (कुळथाच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या). मला तिसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "खा बाई, किती वाळलीस."

जेवणं झाल्यावर अप्पांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पण शेवटी म्हणाले, "आता तुमी म्हणाल तसं, विहीणबाई." विश्वनाथ दाराशी उभा होता.

विश्वनाथच्या आईनं पदराचा काठ चाचपला. मग म्हणाल्या, "जाऊ द्या की. देवाचं काम हाय. वरीस काय, बघता बघता जाईल."

अप्पा चमकले. माझ्या छातीतलं ओझं एकदम उतरलं.

"पण एक हाय," त्या म्हणाल्या. "हिनं आपलं जेवण येगळं करून घ्यावं. पंगतीला त्या पोरींत बसू नये. कोण कुणाची, काय ठावं? उद्या लोक म्हणतील, हिची सून कुठंबी जेवून आली. मी एकटी बाई हाय, पाव्हणं. लोकांच्या तोंडाला किती पुरू?"

"त्यात काय, हुईल की," अप्पा लगेच म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. हो म्हणून टाकावं, तिथं कोण बघायला येतंय, हेही माझ्या मनात आलं. पण मठात वाढणारीसुद्धा शेवटी त्याच पंगतीत बसते. दासोह म्हणजे तेच.

"नाही जमायचं, आई," मी म्हणाले. "मी त्यांच्यातच जेवणार."

"कावून? का न्हाई?"

"त्यांना वाढायचं आणि आपलं ताट घेऊन दुसरीकडं जायचं. त्या पोरींना कळणार नाही का?"

विश्वनाथच्या आईचे डोळे भरून आले. "मग लगीन कसं हुयाचं गं?" तेवढ्यात दुकानात फोनला गिऱ्हाईक आलं आणि विश्वनाथ सुटल्यासारखा तिकडं गेला.

आम्ही स्टँडवर आलो, तर मागून तो लुनावर आला. अप्पा मुद्दाम थोडे लांब जाऊन उभे राहिले. त्यानं गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"तुमी जावा मठात," तो म्हणाला. "माज्यासाठी अडू नका. आईपुढं आज मला बोलता आलं न्हाई. पुढंबी येईल का न्हाई, ठाऊक न्हाई. खोटं कशाला सांगू?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

मांजरसुंब्याला उतरलो. बसची वाट बघताना अप्पांचा एकदम बांध फुटला. "एक हो म्हणायला काय झालं असतं? धाकटीला आता कोण विचारील? तुझ्या आईला काय सांगू मी?"

"माझं चुकलं का, अप्पा?"

शर्टाच्या आत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ते रस्त्याकडं बघत राहिले. बस आली, भरून गेली, तरी आम्ही तिथंच. शेवटी हळू म्हणाले, "चुकलं असतं तर तिथंच गप केली असती तुला."

रात्री अंबाजोगाईला आत्याकडं टेकलो आणि सकाळी परळीत उतरलो. आई उंबऱ्यात होती. "काय म्हणाले?" अप्पांनी चपला काढल्या. "पोरगी दिवाळीच्या पाडव्याला मठात जाती. लग्नाचं मोडलं. तिला काही बोलायचं न्हाई, जे बोलायचं ते मला बोल." आणि ते अंघोळीला गेले. आई रडली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माझ्या पेटीत गोधडी तिनंच घातली.

ते वर्ष मी पुरं केलं. तापानं फणफणलेल्या पोरी, उलट्या, आईच्या आठवणीनं होणारी रडारड, सगळं अंगवळणी पडलं. तरी सर्वांत अवघड काय गेलं असं कुणी विचारलं, तर मी आष्टीची ती दुपार सांगते. त्या घरात माझं वाईट चिंतणारं कुणीच नव्हतं, आणि त्या सगळ्यांना नाही म्हणून मला उठावं लागलं.