हवासुपाई स्त्री, टोपलीसह

आमच्या लॅबमध्ये टेस्ट झालेल्या तेलाच्या बाटल्या साचत राहायच्या आणि महिन्यातून एकदा सगळ्या ओतून टाकाव्या लागायच्या. डगचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. आज ओततेच!

आखाती लढाईनंतरची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये, मीना अल-अहमदीच्या तेलबंदराजवळ एका कंत्राटदाराची लॅब. डग आमचा अमेरिकन मॅनेजर, मी नाशिकहून आलेली केमिस्ट. डगचा नियम एकच: "नो लेबल, नो टेस्ट. गो बॅक अँड आस्क!" एकदा भर जुलैत आमचा कुलकर्णी तीन बाटल्या घेऊन आला आणि लेबलं विसरला. डगने बाटल्यांवर लाल स्टिकर मारले, रिजेक्ट रॅकमध्ये ठेवल्या आणि कुठल्या टाकीचं तेल ते विचारून यायला त्याला परत उन्हात पिटाळलं. पण नियम बरोबरच होता, ते मी मानते.

*

त्याच डगच्या केबिनमध्ये चार जुने फोटो होते. शंभर वर्षांपूर्वीचे, त्याच्या अ‍ॅरिझोनातले. दोन नवाहो बायका, दोन हवासुपाई, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी जमातींतल्या. काय चेहरे होते एकेकीचे! पहिल्या दिवशी मी हातातली फाईल द्यायचीच विसरले.

"ही कोण?" मी विचारलं.

डगने कॅमेरा सांगितला, काचेची प्लेट सांगितली, फोटोग्राफर कुठल्या गावचा तेही सांगितलं.

"आणि हिचं नाव?"

"नवाहो."

"ते तिच्या लोकांचं नाव. तिचं?"

त्याने खालची ओळ दाखवली. 'नवाहो स्त्री.' शेजारच्या फोटोखाली, 'हवासुपाई स्त्री, टोपलीसह.' टोपलीची नोंद आहे, बाईची नाही! माझं डोकंच फिरलं.

*

एकदा डग टोपलीवालीच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "हे संपत चाललेले लोक. तिच्या डोळ्यांतलं दुःख बघ."

बाटल्या धुणारी आमची फरिदाआपा तेव्हा फ्रेमा पुसत होती. रत्नागिरीकडची, साठीला आलेली. मी तिला मराठीत सांगितलं, साहेब असं असं म्हणतोय.

"दुःख कसलं गो? उन्हात बसवलीय तिला. डोळे दिपलेत!"

मी डगला विचारलं, "मग संपले का हे लोक?"

"छे छे! लहानपणी मी दरीत उतरून या हवासुपाईंच्या गावात गेलोय. अजून आहेत. खेचरावरून टपाल जातं तिथे."

"मग टाका की एक पत्र, नाव विचारायला!"

डग खो खो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

*

मग साहेबांना हुक्की आली, तसेच पोर्ट्रेट आपल्या लॅबमधल्या बायकांचे काढायचे! कंपनीच्या फॅमिली डेला कँटीनच्या हॉलमध्ये प्रदर्शन.

मला म्हणाला, नऊवारी नेस. नेसले. म्हणाला, चष्मा काढ.

"चष्मा काढला तर कॅमेरा कुठे आहे तेच मला दिसणार नाही!"

"परफेक्ट!" डग म्हणाला.

फोटोत मी दूर क्षितिजाकडे बघतेय. सगळे म्हणतात, काय गूढ नजर आहे!

*

फरिदाआपाचं वेगळं होतं. चौदा वर्षं कुवेतमध्ये काढून ती महिनाअखेरीला कायमची गावी चालली होती. प्रदर्शन झालं की फोटो तिला देईन, असं डगने कबूल केलं होतं.

"भिंतीवर लावीन," ती मला म्हणाली. "पण खाली नाव पायजे हां. नायतर नातवंडं म्हणतील, ही कोण बया!"

फोटोला ती लॅबचा पांढरा कोट इस्त्री करून घालून आली. डगने कोट उतरवायला लावला. हातातलं घड्याळ काढायला लावलं. डोक्यावरून एक जुनी शाल दिली आणि हातात टोपली. टोपली कँटीनच्या पावाची होती! नाव मात्र तिने स्वतः दोनदा सांगितलं, फरिदा काझी, आणि डगने मान डोलावली.

*

फॅमिली डेला ती तिकडेच जहरा गावात राहणाऱ्या भाच्याला घेऊन आली. नवीन ओढणी, अत्तर. हॉलमध्ये डगचे ते चार जुने फोटो, शेजारी आमचे दोन. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"वाच गो, काय लिवलंय?"

मी वाचलं. 'कोकणी स्त्री, टोपलीसह.'

"आणि ती खालची मोठी अक्षरं? ते माझं नाव?"

"नाही आपा. ते डगचं."

भाचा मान खाली घालून उभा राहिला. मी तरातरा डगकडे निघाले, तर माझ्यासोबत आलेली माझी लेक हात ओढून म्हणते, "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट!" आणि मी, मूर्खासारखी, थांबले. त्याचा राग मला आजही येतो, डगपेक्षा माझा स्वतःचा जास्त.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डग हॉलमध्ये गेला तर भिंत रिकामी. तो ओरडतच लॅबमध्ये आला. मी आणि कुलकर्णी एकमेकांकडे बघत राहिलो.

सहाच्या सहा फ्रेमा रिजेक्ट रॅकमध्ये ओळीने उभ्या होत्या. सगळ्यात पुढे फरिदाआपाची. प्रत्येकीवर लाल स्टिकर.

"व्हॉट इज धिस?" डग म्हणाला.

फरिदाआपा सिंकपाशी बाटल्या धूत होती. नळ बंद केला, हात पुसले, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा कुठल्या साहेबाशी इंग्रजीत बोलली.

"नो लेबल, सर. गो बॅक अँड आस्क."