एक शेणी जाळली आणि सांगलीपर्यंत गेले

या ब्लॉगवर मी हंपी लिहिली, कोकण लिहिलं, मुलाकडे गेले होते तेव्हाची थंडीसुद्धा लिहिली. पण माझा पहिला खराखुरा प्रवास लिहायचा राहूनच गेला. तो १९७४ सालातला, किंवा ७५ असेल. नक्की आठवत नाही. पुढे वाचाल तर कळेल की त्या प्रवासातलं नक्की असं काहीच मला सांगता येत नाही, आणि तेव्हाही येत नव्हतं.

लग्न होऊन मी पुण्याहून साताऱ्याला आले, त्याला दीड वर्ष झालं होतं. हे फौजेत, आसामकडे. घरात मी आणि सासूबाई. तिकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्या म्हणायचे. शेजारच्या खोल्यांत ह्यांचे चुलते नाना, सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. परसात आत्यांचा भाजीचा तुकडा होता आणि त्यात टोमॅटो. दरवर्षी तोच, स्वतः धरलेल्या बियांचा. गल्लीतल्या बायका बाजारातला टोमॅटो सोडून आमच्या परसात डोकवायच्या. त्यातल्या म्हाताऱ्या त्याला बेलवांगं म्हणायच्या.

त्या उन्हाळ्यात तासगावच्या नणंदेचं दुसरं बाळंतपण होतं. तिला सासू नव्हती, म्हणून आत्या तिकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की मृगाच्या आत येते, रोप टाकायचं आहे. त्यांना जाऊन आठवडा झाला आणि एका सकाळी माझ्या हाताशी सरपण नव्हतं. परसदारच्या कोनाड्यात एक शेणी, म्हणजे गोवरी, दिसली, चांगली खडखडीत वाळलेली. मी ती बंबात घातली आणि सावकाश न्हाले.

दुपारी नाना परसात आले, कोनाड्याकडे बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, हितली शेणी कुठं गेली?"

मी सांगितलं.

"त्यात बी हुतं," नाना म्हणाले. "राखेत घोळून शेणात थापून ठिवती ती. किडा लागू नये म्हणून."

पुण्याच्या मुलीला हे कुठून माहीत असणार? पण पुण्याची असणं हे काही माफीचं कारण नव्हतं. आत्या मला कधी रागावल्या नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. आमच्यात अजून धड भांडणही झालं नव्हतं. पहिलं भांडण वर्षानुवर्षं जपलेल्या बियांवरून व्हावं, हे मला अगदी नको होतं. त्या यायच्या आत तेच बी कुठूनतरी आणून ठेवायचं, असं मी ठरवलं. शेजारी विचारायची सोय नव्हती. शेजारणीला सांगणं म्हणजे तासगावला तार करणं.

नाना म्हणाले, वैनीनं, म्हणजे आत्यांनी, हे बी पाचगणीहून आणलं होतं, तिच्या माहेरच्या नात्यातला गणपा तिथं एका बंगल्यावर माळी आहे. मग काय, गल्लीत 'हवापालटाला जातो' असं सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर हजर. नानांनी फौजेतली खाकी पिशवी घेतली होती आणि मला 'गुपचूप राहायचं' अशी ऑर्डर दिली होती.

साताऱ्याहून वाई, वाईहून पसरणीचा घाट. तेव्हाची एस.टी. घाटात एकदा तरी थांबायचीच. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायचा आणि सगळी गाडी खाली उतरून खालचं वाई बघायची. तिकीट दोन-अडीच रुपयांच्या वर नसावं. वाईच्या स्टँडवर भजी खाल्ली, ती मात्र पक्की लक्षात आहेत, कारण भजी खातानाच पहिला घोळ झाला. नाना म्हणाले की आपला टोमॅटो चापट होता, कडेनं शिरा असलेला. मी म्हणाले, छे, लांबट होता. दोघांनी एकाच घरातला टोमॅटो खाल्लेला, आणि वाईपासून पाचगणीपर्यंत आम्ही वाद घातला. शेवटी कंडक्टरनं मध्ये पडून विचारलं की नेमकं कुणाचं वर्णन चाललंय, स्थळ बघायला निघालाय का.

पाचगणीत मे महिन्यातही सावलीत अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटतो. सिल्व्हर ओकची झाडं, शाळांच्या दगडी इमारती, सगळं नीटनेटकं. गणपाचा बागेचा तुकडाही तसाच, काठ्यांना बांधलेली झाडं ओळीनं उभी. आम्ही काम सांगितलं. तो हात पुसत मला विचारायला लागला. पान बटाट्यागत होतं का कातरलेलं? देठाशी हिरवं राहायचं का? झाड कमरेला यायचं का डोक्याला? मी नानांकडे बघितलं, नानांनी टेबललँडकडे बघितलं.

बरं, बी त्यानं आत्यांना दिलंच नव्हतं. उलट आत्यांनीच त्याला दिलं होतं. दोन साल लावलं, पण बंगल्यातल्या बाईसाहेबांना सँडविचमध्ये गोल चकती हवी असायची आणि त्याची चकती वेडीवाकडी यायची, म्हणून बंद केलं. उरलेलं बी बहिणीला दिलं, लोणंदला. स्वतः तो आता मारग्लोब जातीचा टोमॅटो लावायचा, गोल, गुळगुळीत, काढल्यावर आठ दिवस टिकणारा. "मी दर साली ह्येच लावतो. चार जातीची लावून बघितली, पर परत ह्याच्यावरच येतो," असं म्हणून त्यानं एक पिकलेलं फळ पिळून बी कागदावर काढून दिलं. मी फाउंटन पेननं कागदावर 'पाचगणी' लिहिलं. मुक्काम त्याच्याच खोलीत झाला, घोंगडी घेऊन.

दुसऱ्या दिवशी वाईला उतरून लोणंद. वरची थंडी खालच्या धुळीत कुठे गेली कळलं नाही. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत गणपाची बहीण हौसाबाई शोधायची, यात तासभर गेला. भाजीच्या पाट्या पुढे घेऊन बसली होती. आत्यांचं नाव काढल्याबरोबर ती खुलली. म्हणाली, तो टोमॅटो ना, अंड्याएवढा, आंबटढाण.

"आगदी बरोबर," नाना म्हणाले.

कालपासून चापट आणि शिरांचा म्हणणारे हेच नाना. मी त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले की अंडंसुद्धा एका बाजूनं चापट असतं. हौसाबाई तेच लावायची. दोन फळं आमटीत टाकली की चिंच नको, चिंच नको म्हणजे गूळ कमी, असं तिचं गणित. मला ते ऐकता ऐकता खरंच वाटायला लागलं की आत्यांच्या आमटीला असाच आंबटपणा होता. पण मग गणपाच्या वेड्यावाकड्या चकत्या? अंड्याएवढ्या टोमॅटोच्या चकत्या वेड्यावाकड्या कशा येतील? हौसाबाईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "माझ्या रानात आल्यावर त्याची चाल बदलली आसंल." वर आणखी एक काडी टाकली, की मूळ बी सांगलीचं. आत्यांचं माहेर सांगलीला, घाटाजवळ. तिथं बाळाक्का म्हणून आहे, मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, भाजी करते, तिला विचारा.

तिनं दिलेलं बी दुसऱ्या कागदात घेऊन, वर 'लोणंद' लिहून आम्ही पॅसेंजर धरली. गाडी सातारा स्टेशनावरून गेली तेव्हा मला वाटलं उतरावं आणि घरी जाऊन सरळ आत्यांना पत्र लिहावं. उतरले नाही. त्या वयात माणूस खरं बोलण्यापेक्षा लांबचा प्रवास पत्करतो.

सांगलीत नानांच्या पलटणीतल्या एका मित्राकडे उतरलो. सकाळी त्यांनी भडंग आणि चहा दिला. अजूनही सांगलीला गेलात तर सकाळचा दुसरा बेत करू नका. मग कृष्णेच्या घाटाकडे निघालो. वाटेत स्टँडवर तासगावची गाडी लागलेली होती. तासगाव तिथून इतकं जवळ, की आत्या बाजाराला येऊन उभ्या राहिल्या असत्या तरी नवल नव्हतं. मी डोक्यावरून पदर पुढे ओढला. नाना रस्त्याच्या पलीकडून चालायला लागले, आमची ओळखच नसल्यासारखे.

बाळाक्का नदीकाठच्या मळीत खुरपत होती. साठीची, काटक, कपाळाला मोठं कुंकू. तिच्याकडे टोमॅटो काठ्यांवर नव्हता, जमिनीवर लोळत होता. ती म्हणाली की ती तो लावतच नाही. पूर येतो, जातो, आणि गाळात तो आपला आपण उगवतो. न विचारता येणाऱ्याला हाकलायचं कशाला? आत्या तिला आठवत होत्या. पण त्यांनी लग्नात कुठलं बी नेलं, ते तिला सांगता येईना. गल्लीतल्या सगळ्याच पोरी काही ना काही बांधून न्यायच्या.

मग तिनं असं काही विचारलं, जे आतापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. "चवीला कसं हुतं?"

"चांगलं होतं," मी म्हणाले.

"चांगलं म्हंजी? गोड, आंबट, पिठूळ?"

मला सांगता येईना. दीड वर्ष मी ते रोज खात होते. पण पानावर बसले की माझं लक्ष आसामच्या पत्राकडे, नाहीतर पुण्याच्या घराकडे. समोर आत्या वाढत होत्या आणि मी काय खाते आहे याच्याकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. शेणी जळाल्यापासून आलं नव्हतं, ते तिथं मळीत आलं.

बाळाक्का खुरपं खाली ठेवून म्हणाली, "खाल्लंस कवा गं मग? नुसतं गिळलंस." पण ओटीत चार फळं घातली, आणि एक पुसून तिथंच खायला लावलं. ते गोडसर होतं, पातळ सालीचं, हातावर रस ओघळणारं. ते मात्र मला आजही सांगता येतं.

परतीला कराडमार्गे एस.टी. केली. घरी येऊन खाकी पिशवी उघडली. बाळाक्काच्या फळांचं बीसुद्धा मी कागदावर काढलं होतं, आणि तिन्ही ओल्या कागदांवरची शाई पसरून निळे डाग झाले होते. टोमॅटोचं बी सगळीकडचं सारखंच दिसतं. पाचगणी कुठलं, लोणंद कुठलं, सांगली कुठलं, काही कळेना. नाना म्हणाले, "मिशन फेल." मी तिन्हींचं बी एकत्र राखेत घोळवलं, शेण कालवलं आणि आयुष्यातली पहिली शेणी थापून त्याच कोनाड्यात ठेवली.

आत्या मृगाच्या आधी चार दिवस आल्या. शेणी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, फोडली आणि वाफ्यात बी टाकलं. दिवाळीच्या सुमाराला परसात तीन तऱ्हेची फळं लागली, गोल, अंड्यासारखी आणि लोळणारी. मी स्वयंपाकघरात लपून बसल्यासारखी बसले होते. आत्यांनी तिन्ही कापून मीठ लावून खाल्ली, मलाही दिली आणि विचारलं, तुला कुठलं आवडतं. मी या वेळी नीट खाऊन सांगितलं, की हे, पातळ सालीचं. त्यांनी लुगड्याच्या जुन्या काठाची चिंधी फाडली आणि त्या झाडावरच्या एका फळाला बांधली. चिंधी बांधलेलं फळ तोडायचं नाही, ते बियाचं. त्यानंतर दरवर्षी चिंधी त्याच जातीला बांधली गेली. हेच आपलं जुनं का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि शेणीचं कधी सांगितलं नाही. नानांनीही नाही. आज नाना नाहीत, आत्यांनाही जाऊन बारा वर्षं झाली.

हीच सहल तुम्हाला करायची असेल तर आता सोपं आहे. घाटात गाडी थांबत नाही, पाचगणीत टोमॅटोपेक्षा स्ट्रॉबेरीची चौकशी करा, लोणंदला बाजाराच्या दिवशी जा आणि सांगलीला उन्हाच्या आधी घाटावर पोचा. बी आणायचं असेल तर कागदावर पेन्सिलीनं लिहा.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मी तासगावला नणंदेकडे गेले होते. इतक्या वर्षांत तिच्याकडे जाणं व्हायचं ते लग्नकार्याला, परसात कोण जातंय? या वेळी गेले, तर तिथं टोमॅटो लागला होता. चापट, कडेनं शिरा असलेला, देठाशी हिरवा. नानांनी वाईच्या स्टँडवर सांगितलेला, तोच. मी विचारलं, हा कुठला?

"आईचा," ती म्हणाली. "माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आली तवा निम्मं बी घिऊन आल्ती. तवापास्नं ह्योच लावती मी."

मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. आत्या दरवर्षी लेकीकडे राहायला यायच्या, म्हणजे इथं हा टोमॅटो खायच्या आणि घरी येऊन माझ्या टोमॅटोला चिंधी बांधायच्या. त्यांना कळलं होतं की नव्हतं? कळलं होतं तर कधी, शेणी फोडताना की फळ धरल्यावर? मी नणंदेला विचारलं, की आत्यांनी हे बी परत साताऱ्याला का नेलं नाही.

"दर साली इचारायची मी, आई, बी न्हेतीस का म्हणून," ती फळं खुडत म्हणाली. "तर म्हणायची, नगं गं. आमच्यात हाय."