बारव दाखवायला शिकताना

कॉलेजच्या शिबिरात आम्हा सहा जणांना आमच्याच गावची जुनी बारव पाहुण्यांना दाखवायला शिकवत होते, ते तिथले म्हातारे चौकीदार. वरच्या पायरीवर डोळे मिटून बसत आणि स्वतःच पाहुणे होऊन प्रश्न विचारत. उत्तर पटलं नाही की जांभई देऊन म्हणत, "पुन्यांदा सांग, बाबा."

त्या दुपारी त्यांनी मला विचारलं, "हितलं पाणी कोण भरायचं?"

"सगळं गाव."

"पुन्यांदा."

"सगळं गाव, मामा."

"पुन्यांदा."

मी दमलो होतो. म्हणालो, "बौद्धवाड्यातलं कुणीच न्हाई. माझी आई हितंच वर थांबायची. कुणी घागरीत ओतलं, तरच पाणी."

त्यांनी डोळे उघडले. बाकीच्यांना थकल्या आवाजात म्हणाले, "लिहून घ्या रे. मी बी कधी ओतलं न्हाई, ते बी लिहा."